कट्ट्यावरचं वर्णम

पाय दुखतात असं म्हणायची सोय आमच्या नाचाच्या क्लासात नव्हती. वनजा मिसच्या हॉलला लाल रेड ऑक्साइडची जमीन होती, वर्षानुवर्षं घोटून गुळगुळीत झालेली. तिच्यावर आम्ही मुली अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसून, पाय आपटत असू. मिस भिंतीला टेकून पाटावर बसत आणि लाकडी ठोकळ्यावर दांडीनं ताल देत. कुणी ओठ चावताना दिसली की दांडी न थांबवता कानडीत म्हणत, "नोवु आगत्ते, आमेले होगत्ते." दुखतं, मग जातं. बाकीच्या मुलींचं जायचंही. माझं जाईना. आधी नडगीच्या हाडात नुसती ठणक लागायची, मग जिना उतरताना कळ येऊ लागली, आणि शेवटी पायावर चादरीचा भारसुद्धा सोसेना. मी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला, होते. नाच सोडून आपण दुसरं काहीही होऊ शकत नाही अशी माझी पक्की खात्री होती. त्या वयात सगळ्याच खात्र्या पक्क्या असतात.

डॉक्टरांनी दोन्ही नडग्या दाबून पाहिल्या, मी किंचाळले, आणि साबण बदला म्हणावं तितक्या सहज त्यांनी सांगून टाकलं, "सिमेंटवर नाचणं बंद. खाली लाकूड असेल तर नाच. नसेल तर सोड हे." बंगळूरमध्ये लाकडाची जमीन कुणाच्या घरी होती? मिसना सांगितलं तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवलं. मग म्हणाल्या, "विजयादशमीला मी रंगप्रवेशाची तयारी सुरू करते. मला एक पूर्ण वर्णम न थांबता करून दाखव. कुठल्या जमिनीवर ते तू बघ. मध्ये थांबलीस तर मी तुला पुढं नेणार नाही. तुझे पाय मोडायचं पाप मला नको." रंगप्रवेश म्हणजे शिष्येचा पहिला जाहीर पूर्ण कार्यक्रम, आणि वर्णम म्हणजे अर्धा तास चालणारा, सगळ्या नाचात सर्वांत दमवणारा भाग. निम्म्याच्या पुढं माझी नडगी मला जाऊ देत नव्हती. आणि पुढच्या विजयादशमीची वाट बघायचीही सोय नव्हती, कारण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आधीच निकाल देऊन ठेवला होता. "या दसऱ्याला सुरू झालं तर मी आडवा येणार नाही. नाही झालं तर पुढच्या वर्षी इंजिनिअरिंग, आणि गेज्जे माळ्यावर." गेज्जे म्हणजे घुंगरू. आमच्या घरात अर्धे शब्द कानडी होते. पुण्याचे पाहुणे त्यावरून हसत, आणि आम्ही ते गेल्यावर त्यांना हसत असू.

खरं तर लाकडाची जमीन आमच्याच घरामागे पडून होती, पण तिच्याकडे बघायची कुणाला सवय राहिली नव्हती. जे. पी. नगरला आमचं घर झालं तेव्हा मागच्या अंगणात अण्णांनी स्वतःच्या हातानं एक फळ्यांचा कट्टा बांधला होता. ते बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात होते. तिथं परदेशातून यंत्रं येत ती पाइनच्या मोठमोठ्या खोक्यांतून, आणि रिकामी खोकी कामगारांना घरी न्यायला मिळत. त्या काळी तिथल्या निम्म्या लोकांच्या घरातले पलंग, कपाटं, देव्हारे त्याच लाकडाचे असत, आणि देवाच्या डोक्यावर कुठंतरी ‘भिजवू नका, जपून उचला’ सांगणारं छत्रीचं आणि काचेच्या पेल्याचं चित्र छापलेलं असे. आमचा कट्टा जमिनीपासून गुडघाभर उंच, खाली दगडी खुंट, त्यावर वासे आणि वाशांवर फळ्या असा होता. अण्णा त्याला ऐटीत ‘डेक’ म्हणत. लहानपणी त्यावर हप्पळ म्हणजे पापड आणि सांडगे वाळले, बुद्धिबळाचे डाव झाले, पेरू खाल्ले गेले. मग वाळवी लागली, आणि एके दिवशी अक्काचा पाय फळीतून आरपार गेला. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण. शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आलेली, आणि दूधवाल्यापासून सगळ्यांची अक्का. त्या दिवसापासून तिनं कट्ट्याशी उभा दावा मांडला होता. "तो काढा आणि तिथं मल्लिगे लावा," हे तिचं दर रविवारचं वाक्य होतं. मल्लिगे म्हणजे मोगरा.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी कॉफी पिता पिता अण्णांनी मागचं दार उघडलं आणि ते कट्ट्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या मागं गेले. दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे बघितलं, आणि मला एकदम हलकं वाटलं. पेपर सोपा आला आहे हे कळल्यावर वाटतं तसं. अण्णा म्हणाले, "वासे बघायला हवेत." मी तशीच अनवाणी खाली वाकले आणि कट्ट्याखाली शिरले. मागून आईचा आवाज आला, "अगं विंचू असतील तिथं." विंचू नव्हते. एक फुटकी बादली, नारळाच्या करवंट्या आणि माझी लहानपणी हरवलेली चप्पल निघाली. दोन वासे पोकळ झाले होते, बाकीचे ठणठणीत होते.

पुढचे सगळे रविवार त्या कट्ट्यानं खाल्ले. अण्णा पहाटेच पहार घेऊन बसत. जुन्या फळ्या उचकटताना गंजके खिळे असा काही आवाज काढत की शेजारचं कुत्रं प्रत्येक खिळ्याला उत्तर देई. वाळवीच्या मातीचे नळ फोडून त्यात रॉकेल ओतलं. नव्या फळ्या अण्णांनी कारखान्यातून टेम्पोनं आणल्या. त्या गच्चीवर उन्हात उलट्यासुलट्या करून इतक्या वाळवल्या की आपटल्या तर टणटण वाजत. मी रंधा मारायला शिकले. पहिल्या दिवशी रंधा अडखळत होता. मग मनगट सैल कसं सोडायचं ते कळलं, आणि लाकडातून लांबच लांब कुरळी साल निघू लागली. तिला राळेचा असा गोड वास होता की मी दोनचार साली उशीखाली ठेवल्या. दुपारी आई उप्पिट्टु आणि ताक घेऊन मागच्या पायरीवर येई. आम्ही भुसा अंगावर घेऊनच खात असू, आणि तिला ते आवडत नसे. "केसात भुसा, ताटात भुसा. नाच करते आहेस की सुतारकी?" मला दोन्हीत फरक वाटत नव्हता. दिवसभर वाकून, पाय रोवून, एकाच लयीत हात चालवायचा, संध्याकाळी अंग ठणकायचं, आणि तरी मन हलकं असायचं. आज माझे विद्यार्थी मला विचारतात की तुमच्या वेळी वॉर्म-अप काय करायचात. रंधा मारायचो, असं मी सांगते. त्यांना तो विनोद वाटतो.

फटींवरून मात्र चर्चा झाली. जुन्या कट्ट्याच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी होत्या. नाचताना अंगठा त्यात अडकला तर नख उपटलं असतं, आणि गेज्जेचे घुंगरू अडकले तर मी तोंडावरच आपटले असते. म्हणून मी म्हटलं, फटी नकोत. आईला तर ते केव्हापासून हवंच होतं, कारण तिच्या अर्ध्या डाळी-मिरच्या त्या फटींतून खाली जात असत. अण्णांना एकदम स्फुरण चढलं. त्यांनी प्रत्येक फळीची कड रंध्यानं सरळ केली, शेजारच्या फळीला भिडवली, हातोडीनं ठोकून ठोकून घट्ट बसवली आणि मगच खिळे मारले. काम पुरं झाल्यावर त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं, कुठल्याही दोन फळ्यांमध्ये ते घालून दाखवायचं आव्हान सगळ्यांना दिलं, आणि ते कुणालाच जमलं नाही. आयुष्यभर पोलादाच्या यंत्रांत वावरलेला माणूस होता तो. उन्हानं लोखंड वाढतं, त्याला जागा ठेवायला लागते, हे ते झोपेतही सांगू शकले असते. लाकडाचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

कट्टा पुरा झाला तो अष्टमीला. मी त्यावर चढले आणि एकच पाय आपटला. त्या आवाजानं मी दचकले. मिसच्या जमिनीवर फक्त घुंगरू वाजायचे, पाय वाजायचा नाही. इथं खालच्या पोकळीतून दणदणीत घुमारा निघाला. आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं कुणी पडलं. मी पुन्हा आपटला, आणि पुन्हा, आणि मग वेड्यासारखी कट्टाभर नाचत सुटले. अण्णा खाली उभे राहून हातोडी ओवाळत होते. अक्कासुद्धा हसली. ती दारातून म्हणाली, "सरी, ठीक आहे, बांधला तर बांधला. पण नवी जागा न धुता वापरायची नाही." मला खाली उतरवून तिनं तिथल्या तिथं बादल्या मागवल्या, आणि कट्ट्यावर अशी काही पाण्याची बरसात केली की खालून ओहोळ निघाला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे बंगळूरच्या भाषेत आयुधपूजा. कट्टा माझ्या नाचाचं आयुध, तेव्हा त्याचीही पूजा हवी, आणि पूजा म्हणजे पुन्हा धुणं आलं. सकाळी पुन्हा बादल्या झाल्या, मग हळदीकुंकू, चारी कोपऱ्यांत रांगोळी, आणि झेंडूच्या माळा. अंगणात अण्णांची करवत, रंधा, पटाशी, पहार, हातोडी, पकड अशी सगळी मंडळी पाटावर कुंकू लावून बसली. शेजारी स्कूटर उभी होती, चाकाखाली लिंबू ठेवून. कोहळा फुटला, आणि आम्ही ओब्बट्टु म्हणजे पुरणपोळी तुपात बुडवून जेवलो.

दुपारी मी सराव करावा म्हणून मागं गेले तर कट्ट्याच्या मधोमध एक उंचवटा उभा. माझी आधी समजूत झाली की खाली कुणी तरी शिरलं आहे. मग जवळ जाऊन बघितलं. मधल्या फळ्या एकमेकींना रेटून तळलेल्या पापडासारख्या वर उठल्या होत्या, खिळे मुळापासून बाहेर आले होते, आणि रांगोळी दोन बाजूंना घसरली होती. मी अण्णांना हाक मारली. ते आले, एका गुडघ्यावर बसले, उंचवट्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाणी प्यायलं. फुगायला जागाच ठेवली नाही मी." सकाळी मिस येणार होत्या, तेही सूर्य उगवता उगवता, कारण त्यानंतर त्यांच्या घरी दिवसभर दसऱ्याच्या मुहूर्तावर शिकायला येणाऱ्या नव्या मुलींची रांग लागायची. मी म्हटलं, "अण्णा, एक फळी काढून तासा ना." त्यांनी मान वर केली, पाटावर बसलेल्या रंध्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

पूजेला बसलेलं आयुध दसऱ्याच्या सकाळी पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. आमच्या घरात हा नियम अक्कापेक्षा अण्णा जास्त पाळत. एकदा त्यांनी नवमीला स्कूटरचा एक स्क्रू आवळला होता, आणि त्यानंतर ती स्कूटर वर्षभर होसूर रोडवर कुठंही, कधीही बंद पडायची. तेव्हापासून विषय मिटला होता. मी रडायला लागले. मोठ्यानं, हुंदके देऊन, अजिबात न लाजता. अक्का दारात उभी होती आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. "माझ्यामुळं झालं का रे?" ती म्हणाली. "मी स्वल्प पाणी ओतलं होतं, तेवढंच." अण्णा म्हणाले, "स्वल्प नव्हतं, अक्का." मग लगेच म्हणाले, "पण चूक माझी आहे." दोघंही पाटावरच्या रंध्याकडे बघत उभे राहिले. त्याच्या कपाळी कुंकू होतं आणि त्याच्यावर झेंडूचं फूल होतं. उचल म्हणायला अक्काची जीभ रेटेना, आणि तिनंच नको म्हणावं, असं अण्णांनाही वाटत असणार.

तेवढ्यात आई आतून आली, ती एका हातात नारळ सोलायचा कोयता आणि दुसऱ्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन. "यानं नाही का होणार?" तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "अगं, आज हत्यार चालवायचं नाही." आई म्हणाली, "हे कुठं पूजेत आहे? सकाळी यानंच तर तुमच्या पूजेचा नारळ सोलला. बत्त्यानं मसाला कुटला तो तुम्ही जेवलात. स्वयंपाकघरातल्या हत्यारांची पूजा या घरात कधी कुणी केली आहे?" सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्कानं आयुष्यभर मुलांची गणितं तपासली होती. तिनं हेही तशाच चेहऱ्यानं तपासलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "ते आयुध नाही. चालव." मला वाटतं आईला त्या वाक्यानं आनंदही झाला आणि रागही आला. दुसऱ्या वर्षापासून कोयता आणि बत्ता पाटावर बसू लागले, आणि आम्ही नवमीला नारळ शेजारून सोलून आणू लागलो.

मग जे काम झालं तसं काम मी पुन्हा बघितलं नाही. उठलेल्या फळीखाली अण्णांनी उलथनं सारलं आणि ती अलगद सुटी केली. पाइन सरळ रेषेत फाटतं, हे त्याचं मोठं सुख. फळी टोकावर उभी करून मी धरली, अण्णांनी कोयत्याची धार वरच्या टोकावर ठेवली, आणि आईनं कट्ट्यावर उभी राहून वरून बत्ता घातला. सुपारी फुटावी तसा आवाज झाला आणि बोटाएवढी रुंद चिरफळी फळीच्या लांबीभर सोलून निघाली. आम्ही सगळे एकदम हसलो. अशी एका फळीची, मग दुसरीची, मग शंका नको म्हणून तिसरीची कड काढली. त्या परत बसवल्या तेव्हा शेजारच्या फळ्या आपोआप खाली निजल्या, आणि बत्त्यानं खिळे ठोकायचं काम अक्कानं मागून घेतलं. साडीचा ओचा खोचून, चष्मा नाकावर सरकवून, ज्या कट्ट्यानं तिचा पाय गिळला होता त्यावर बसून ती खिळे ठोकत होती. फळ्यांमध्ये आता नख जाईल एवढ्या फटी राहिल्या. दिवेलागणीला आईनं सगळ्यांना कॉफी दिली आणि सांगितलं, "आता यावर कुणी पाण्याचा थेंबही टाकायचा नाही. देव कोरडाही चालतो."

सकाळी मिस आल्या त्या ऑटोनं, ठोकळा आणि दांडी पिशवीत घेऊन. अक्कानं त्यांच्या हातावर बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ठेवली, त्यांनी ती डोळ्यांना लावली. मागच्या अंगणात येऊन त्यांनी कट्ट्याला एक फेरी मारली, वाकून फळीवर तळवा ठेवला, आणि विचारलं, "हे कुणी केलं?" अण्णा म्हणाले, "आम्ही सगळ्यांनी." त्यांनी मान हलवली आणि पायरीवर बैठक मारली. मी साडीचा पदर कमरेला खोचला, भूमीला नमस्कार केला आणि अरमंडीत बसले. ठोकळ्यावर दांडी पडली, मिसनी गायला सुरुवात केली.

पहिल्या आपटीला कट्टा घुमला तेव्हा मिसनी गाता गाता भुवई वर केली, पण ताल सोडला नाही. मला स्वतःचे पाय पहिल्यांदाच ऐकू येत होते. चुकलं तर लगेच कळत होतं, आणि बरोबर पडलं की खालून लाकूड हुंकार देत होतं. शेजारच्या गच्चीवर बायका जमल्या. पहिला भाग गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात तो तुकडा होता जिथं नेहमी नडगीत सुरी फिरायची. मी त्याची वाट बघत होते. दात आवळले, पाय उचलला, आपटला. काही नाही. पुन्हा आपटला. फळी किंचित दबली आणि तिनं माझा पाय परत वर दिला. मला हसू आवरेना, आणि वर्णममध्ये त्या जागी नायिका विरहात असते, तर मिस गाताना डोळ्यांनी दटावू लागल्या. मी हसू गिळलं आणि पुढं गेले. पुढं मी कधीच गेले नव्हते. तिथला प्रत्येक तुकडा मला नवा होता, नुसता पाठ केलेला, अंगातून कधी न निघालेला. श्वास संपत आला, मांड्या थरथरत होत्या, घाम डोळ्यांत जात होता, पण नडगी गप्प होती. शेवटची जती, म्हणजे बोलांचा तुकडा, आली, शेवटची आपटी पडली, आणि मी हात जोडून उभी राहिले.

मिसनी दांडी खाली ठेवली. अण्णा खांबाला धरून उभे होते, जणू त्यांनीच वर्णम केलं होतं. मिसनी विचारलं, "नोवु? दुखलं का?" मी म्हटलं, "नाही." "खरं सांग." मी म्हटलं, "खरंच नाही, मिस," आणि धाप लागल्यामुळं ते वाक्य तीन तुकड्यांत बाहेर पडलं. त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण एवढी धाप लागून रंगप्रवेशाला कसं चालेल?"

आईला ते माझ्या आधी कळलं. मला तिचं हसू ऐकू आलं, मग अक्काचं, आणि मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला: त्या माझ्या रंगप्रवेशाचं बोलत होत्या. मिसनी दांडी पुन्हा उचलली होती. "इन्नोम्मे," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा. मी पदर खोचला आणि अरमंडीत बसले.